वाचक विचारतात : शिवारातले पाणी आणि विद्यापीठातला अभ्यास

गेल्या महिन्यात या स्तंभातून बेळगाव सीमाभागातील पाणी, जमिनीचा वापर आणि हवामानबदल यांविषयी विद्यापीठांत चालणाऱ्या अभ्यासासंबंधी वाचकांकडून प्रश्न मागविले होते. पत्रे अपेक्षेपेक्षा जास्त आली आणि त्यांतली बरीचशी शेतकऱ्यांची होती, याचे समाधान वाटते. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न (बेळगाव तालुक्यातील येळ्ळूर परिसरातून) : सप्रेम नमस्कार. आमची भातशेती बळ्ळारी नाल्याकाठी आहे. वडिलांच्या काळातही नाल्याला पूर यायचा, पण दोन-तीन दिवसांत शिवार मोकळे व्हायचे. आता एक झड लागली की आठ-दहा दिवस भात पाण्याखाली राहते आणि दुबार लावणी करावी लागते. कुणी म्हणतो हवामान बदलले, कुणी म्हणतो नाल्यातला गाळ काढला नाही, कुणी म्हणतो वरच्या बाजूला प्लॉट पडले. विद्यापीठाचा अभ्यास यात नेमके काय सांगू शकतो?

उत्तर : आपण तिन्ही कारणे एकाच पत्रात मांडलीत हे फार चांगले झाले, कारण ती एकमेकांपासून सोडवून घेणे हेच अभ्यासकाचे पहिले काम असते. पाऊस किती पडला, पडलेल्यातले किती पाणी वाहत आले आणि आलेले पाणी नाल्यात मावले का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचे मोजमाप वेगळे आहे.

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते आपल्या शिवाराचे मुख्य दुखणे तिथे आहे. जलविज्ञानात ‘कर्व्ह नंबर’ नावाची एक पद्धत आहे. अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने ती १९५०च्या दशकात बसविली आणि थोडे फेरफार करून ती आपल्याकडेही सर्रास वापरतात. जमिनीचा पोत आणि तिच्यावरचे आच्छादन पाहून तिला शंभरपर्यंतचा एक क्रमांक द्यायचा. क्रमांक जितका मोठा, तितके पाणी कमी मुरणार आणि जास्त वाहणार. हा हिशेब आपण एका गुंठ्यावर करून पाहू, कारण आपल्याकडे जमीन विकली जाते ती गुंठ्यानेच. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, त्यामुळे एक मिलिमीटर पाऊस पडला की त्या गुंठ्यावर १०१ लिटर पाणी येते. समजा, एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे गुंठ्यावर साधारण १०,१०० लिटर पाणी पडले. मध्यम निचऱ्याच्या जमिनीवर झाडोरा आणि पालापाचोळा असेल, तर तिचा क्रमांक ६०च्या आसपास धरतात, आणि त्या हिशेबाने १,९०० लिटर पाणी वाहून जाते. तीच जमीन नांगरून ओळीत पीक घेतले, तर क्रमांक ८०च्या जवळ जातो आणि ५,१०० लिटर वाहते. तिच्यावर काँक्रीट किंवा डांबर आले की क्रमांक ९८ होतो आणि ९,५०० लिटर पाणी थेट गटारात उतरते. पाऊस तोच आणि गुंठाही तोच, पण नाल्याला मिळणारे पाणी पाचपट झाले.

भातशेतीच्या बाबतीत तर फरक याहून मोठा आहे. भाताच्या वाफ्याला वीतभर, म्हणजे वीस-बावीस सेंटिमीटर बांध असेल आणि वाफ्यात आधीच पाच-सात सेंटिमीटर पाणी उभे असेल, तरी वर सांगितलेला १०० मिलिमीटर पाऊस तो वाफा बांध न फोडता आपल्या पोटात ठेवू शकतो. म्हणजे पाणथळ भातशेती ही शहराच्या अंगणातली हजारो लहान तळीच होती, आणि ती तळी बांधायला कोणाला एक पैसा खर्च आला नव्हता. शहापूर, वडगाव, अनगोळ आणि येळ्ळूरच्या काळ्या, चिकट जमिनीतल्या बासमतीचा वास आपण सर्वांनी घेतला आहे. त्या जमिनीने शहराचे पाणी अडवून धरण्याचे जे काम इतकी वर्षे केले, त्याची नोंद मात्र कोणत्याच सातबारा-उताऱ्यात नाही. भराव टाकून एक वाफा प्लॉटमध्ये बदलला की दोन नुकसाने एकदम होतात. साठवण जाते, आणि जे पाणी साठायचे ते खालच्या शेतकऱ्याच्या अंगावर येते.

नाल्याच्या वहनक्षमतेचा प्रश्न सोपा आहे, पण तो अंदाजाने सुटत नाही. गाळ, जलपर्णी, अरुंद मोऱ्या आणि काठावरचे भराव यांनी नाल्याचा छेद किती कमी झाला, हे लेव्हल लावून ठरावीक अंतरावर मोजावे लागते, आणि स्थापत्यशाखेच्या विद्यार्थ्यांनी एका उन्हाळ्यात करावे असे ते काम आहे. पाणी आठ-आठ दिवस ओसरत नाही, या आपल्या निरीक्षणावरून मला खालच्या बाजूच्या अडथळ्यांची शंका अधिक येते. पाणी चढते कसे, हे वरचे प्लॉट सांगतील. ते उतरत का नाही, हे खालच्या मोऱ्या सांगतील.

राहिला पाऊस. हवामान खाते २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पावसाला जोरदार पाऊस म्हणते आणि ११५.६ पासून पुढे अतिजोरदार. अशा दिवसांची संख्या दशकामागून दशक वाढली का, हे बेळगावच्या जुन्या नोंदींवरून तपासता येते. परंतु शहराच्या गटारांसाठी दिवसाच्या बेरजेपेक्षा तासाचा वेग महत्त्वाचा असतो. १०० मिलिमीटर पाऊस दिवसभर रिपरिपत पडणे आणि तोच दोन तासांत कोसळणे, यांत आपल्या भाताच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. हवामानबदल होतच नाही, असे मी म्हणत नाही. तरी आपल्या शिवारापुरते बोलायचे तर जमिनीच्या वापरातला बदल आधी तपासावा, कारण तो आपल्या डोळ्यांसमोर घडला आहे आणि त्याला उत्तरदायी असलेले निर्णय इथेच, बेळगावात झाले आहेत. सगळा दोष आभाळावर टाकला की हे निर्णय कोणी तपासत नाही.

आपल्याकडून एक मदत हवी आहे. पाणी कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या बांधापर्यंत आले आणि कधी उतरले, हे एका वहीत लिहून ठेवा. पुराची अशी नोंद कोणत्याही उपग्रहाकडे नसते.

प्रश्न (निपाणी तालुक्यातून) : २०१९चा महापूर हवामानबदलामुळे आला का? आणि तसे असेल, तर चारच वर्षांनी, २०२३मध्ये दुष्काळ कसा पडला?

उत्तर : एखादा विशिष्ट पूर हवामानबदलानेच आला, असे नुसते बोट दाखवून सांगता येत नाही. अशा घटनेची शक्यता किती वाढली, हे सांगता येते, आणि त्यामागचे भौतिकशास्त्र पक्के आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. त्यामुळे पाऊस पडायला लागला की तो पूर्वीपेक्षा जोराने पडण्याची शक्यता वाढते. मध्य भारतावर दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविले आहे. उलट, केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२०च्या अहवालानुसार देशाचा उन्हाळी मोसमी पाऊस १९५१ ते २०१५ या काळात एकूण सुमारे सहा टक्क्यांनी घटला, आणि ठळक घट झालेल्या प्रदेशांत सिंधू-गंगेच्या मैदानाबरोबर पश्चिम घाटाचेही नाव आहे. एकूण पाऊस कमी आणि त्यातला मोठा वाटा थोड्या दिवसांत, अशी ही स्थिती असल्याने महापूर आणि दुष्काळ एकमेकांना खोटे पाडत नाहीत. एकाच बदलाची ती दोन रूपे असू शकतात.

तरीही ऑगस्ट २०१९मध्ये गोकाक आणि रामदुर्गसारखी गावे बुडाली, त्यात घाटातल्या पावसाबरोबर हिडकल आणि नविलुतीर्थ धरणांतून सोडावे लागलेले पाणी, नदीपात्रातली बांधकामे आणि आधीच तुडुंब भिजलेली जमीन, हे सगळेच होते. आपल्या निपाणीच्या बाजूला दूधगंगा आणि वेदगंगा येतात त्या कोल्हापूर जिल्ह्यातून. काळम्मावाडी आणि पाटगाव ही त्यांच्यावरची धरणे महाराष्ट्रात आहेत आणि पूर ओसरतो किंवा तुंबतो तो पुढे कृष्णेत, कर्नाटकात. ज्या अभ्यासाचा नकाशा राज्याच्या सीमेवर कापलेला असतो, त्याला हा पूर अर्धाच दिसतो.

प्रश्न (खानापूर तालुक्यातील एका विद्यार्थिनीकडून) : मी भूगोलात एम.एस्सी. करीत आहे. ‘खानापूर तालुक्यातील जमीन-वापर बदल, जलसंपत्ती आणि हवामानबदल’ असा विषय घेऊन पुढे पीएच.डी. करण्याची इच्छा आहे. माहिती कुठून मिळेल आणि सुरुवात कशी करावी, याविषयी मार्गदर्शन करावे.

उत्तर : तुमचा तालुका या विषयासाठी सोन्यासारखा आहे. कणकुंबीला वर्षाकाठी कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून पूर्वेला तालुक्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत येईतो तो निम्म्याहूनही खाली जातो. जिल्ह्याच्या पार उत्तरेला अथणीत तर पाचशे-सहाशे मिलिमीटरवर भागवावे लागते. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा कूडलसंगमाला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते आणि त्याच डोंगररांगेतून निघणारी म्हादई अरबी समुद्राकडे. इतक्या थोड्या जागेत इतका फरक दाखविणारे तालुके फार नाहीत.

पण विषयाचे नाव वाचून मला थोडी काळजी वाटली, म्हणून स्पष्टच लिहितो. हा विषय एका विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर मोठा आहे. असे विषय घेतले की बऱ्याचदा दोन उपग्रह-प्रतिमा, एक पावसाचा आलेख आणि शेवटी ‘उपाययोजना आवश्यक आहे’ असे एक प्रकरण, एवढेच हाती लागते. त्यापेक्षा एक ओढा निवडा. ज्याचे पाणलोट क्षेत्र तुम्ही दोन-तीन दिवसांत पायी फिरू शकाल, जिथे जंगलही आहे, भातही आहे आणि अलीकडे लावलेली काजूची बागही आहे, असा ओढा. त्याच्यावर तीन वर्षे काम केलेत तर तुम्ही जे सांगाल ते दुसऱ्या कोणालाही सांगता येणार नाही.

पावसाच्या आकडेवारीसाठी भारतीय हवामान खात्याची १९०१ पासूनची दैनिक मालिका उपलब्ध आहे आणि संशोधनात तीच सर्वत्र वापरली जाते. ती पाव अंशाच्या चौकोनांत दिलेली असते, म्हणजे एक चौकोन साधारण सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर लांब-रुंद. तुमच्या तालुक्यात एवढ्या अंतरात घाटमाथ्याचा पाऊस संपून माळाचा पाऊस सुरू होतो. चौकोनाची सरासरी घेतली की कणकुंबीचा पाऊस खोटा ठरतो आणि खानापूरचाही. म्हणून तालुक्यातल्या पर्जन्यमापकांच्या मूळ नोंदी मिळवा, त्यांत कोणते महिने रिकामे आहेत आणि मापकाची जागा कधी बदलली, हे तपासा. मगच कल पाहण्याच्या मान-केंडालसारख्या चाचण्या लावा. तीस वर्षांपेक्षा कमी नोंदींवरून हवामानाविषयी विधान करू नका.

जमिनीच्या वापरासाठी लँडसॅट उपग्रहांच्या १९७२ पासूनच्या प्रतिमा आहेत आणि २००८ पासून त्या सर्वांना फुकट मिळतात. सेंटिनेल-२च्या प्रतिमा २०१५ पासून आहेत आणि त्या अधिक बारकाईच्या आहेत. ही बारकाई आपल्या मापात समजून घ्या. १९८२ नंतरच्या लँडसॅटचा एक ठिपका तीस मीटर बाय तीस मीटर, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे, आणि सेंटिनेलचा ठिपका दहा बाय दहा, म्हणजे जवळपास एक गुंठा. आपल्याकडची डोंगरउतारावरची भाताची खाचरे पुष्कळदा चार-पाच गुंठ्यांची असतात. तेव्हा नऊ गुंठ्यांच्या ठिपक्यात भात, बांधावरची झाडे आणि पायवाट हे सगळे एकत्र मिसळते, आणि संगणक त्याला काहीतरी एकच नाव देतो. पावसाळ्यात ढगांमुळे या प्रतिमा मिळत नाहीत. तेव्हा सेंटिनेल-१ची रडार-प्रतिमा घ्यावी लागते. एका सालची प्रतिमा नोव्हेंबरची आणि दुसऱ्या सालची एप्रिलची घेऊन तुलना केली की जंगल नाहीसे झाल्याचे दिसते. प्रत्यक्षात नुसती पानगळ झालेली असते. ही चूक मी पाहिली आहे आणि ती छापूनही आलेली पाहिली आहे.

सगळ्यात मोठा धोका हिरव्या रंगाचा आहे. उपग्रहाला काजू, निलगिरी, आकेशिया आणि भीमगडच्या बाजूचे नैसर्गिक जंगल ही सगळी ‘दाट हिरवाई’ वाटू शकतात. पण पाण्याच्या दृष्टीने त्यांचा स्वभाव अगदी वेगळा असतो. ज्या जंगलात पायाखाली घोट्याएवढा पाचोळा लागतो, तिथली जमीन पावसाचे पाणी झेलून हळूहळू सोडते, आणि ज्या बागेत पाचोळा झाडून काढलेला असतो तिथे ते सरळ वाहते. हा फरक ओळखायला तिथे जाऊन माती हातात घ्यावी लागते. शक्य झाल्यास दोन्ही ठिकाणी जमिनीत लोखंडी कडे ठोकून पाणी किती वेगाने मुरते ते मोजा. त्या एका मोजणीची किंमत दहा रंगीत नकाशांहून जास्त आहे.

मार्गदर्शनासाठी दूर जाण्याची गरज नाही. बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ आणि २०१०मध्ये स्थापन झालेले राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, कोल्हापूरला १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे, धारवाडला कृषी विज्ञान विद्यापीठ आहे. आणि पुष्कळांना ठाऊक नसते की रूरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थानाचे, कठीण खडकांतील पाण्याच्या अभ्यासाला वाहिलेले प्रादेशिक केंद्रही बेळगावातच आहे. तुम्ही मराठी घरातल्या आहात आणि कन्नड वाचता येत असेल, तर दोन्ही राज्यांची कागदपत्रे तुम्हाला मूळ भाषेत वाचता येतील. सीमेवर राहिल्याचा हा फायदा आहे, तो घ्या.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे. तरुणपणी मी घाटाखालच्या काही गावांत विहिरींची पाणीपातळी मोजत असे. पोलादी फितीच्या खालच्या मीटरभर भागाला खडू चोळायचा, फीत विहिरीत सोडायची, वर ओढायची आणि खडू जिथपर्यंत ओला झाला तो आकडा लिहून घ्यायचा. एका विहिरीवर रोज कपडे धुणाऱ्या आजी दोन वर्षे ते पाहत होत्या. शेवटच्या फेरीत त्यांनी विचारले, “बाळा, एवढ्या वेळा आमच्या पाण्याचं माप काढून नेलंस, ते आम्हाला कधी सांगणार?” मी पुढच्या वेळी सांगतो म्हणालो. पुढची वेळ आली नाही. निबंध इंग्रजीत छापला गेला आणि त्या गावात त्याची एक प्रतही पोचली नाही. आजही आपल्या भागातले चित्र फारसे बदललेले नाही. अहवाल इंग्रजीत असतो, सरकारी सूचना कन्नडमध्ये असते आणि विहिरीचा मालक मराठीत विचार करतो. तुमच्या प्रबंधाचा चार पानांचा सारांश मराठीत आणि कन्नडमध्ये करून तो ग्रामपंचायतीत वाचून दाखवा. हे पहिल्याच वर्षी ठरवून टाका, शेवटी त्याला वेळ उरत नाही.

प्रश्न (अथणी तालुक्यातील एका भगिनींकडून) : आमच्या विहिरीला श्रावणात हात घालून पाणी घेता येते आणि फेब्रुवारीत तळ दिसतो. उसाला पाणी पुरत नाही म्हणून बोअर मारली, ती दोन वर्षे चालली. पाऊस कमी झाला आहे का?

उत्तर : पाऊस मागे-पुढे होतो, पण आपल्या विहिरीचे हे वागणे मुख्यतः खडकामुळे आणि उपशामुळे आहे. आपल्याकडचा काळा पाषाण वाळूसारखा सच्छिद्र नसतो. त्याच्या वरच्या कुजलेल्या, मुरमाड थरात आणि भेगांत जेवढी जागा असेल तेवढेच पाणी बसते, आणि ती जागा शंभरात दोन भागांच्या आसपास असते. त्यामुळे शंभर मिलिमीटर पाणी जमिनीत मुरले की विहीर पाच मीटर चढते, आणि तेवढेच उपसले की पाच मीटर उतरते. श्रावणात तुडुंब दिसणारी विहीर म्हणजे मोठा साठा नव्हे, अरुंद भांडे लवकर भरले एवढाच त्याचा अर्थ.

आता उसाचा हिशेब करू. उसाला पूर्ण हंगामात १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते. आपल्याकडचा पाऊस साडेपाचशे धरला आणि त्यातला कामी येणारा भाग वजा केला, तरी अगदी कमीत कमी हजार मिलिमीटर पाणी बाहेरून द्यावे लागते. एका एकराला ते चाळीस लाख लिटर होते. कठीण खडकाच्या प्रदेशात पावसाचा साधारण दहावा हिस्सा भूजलाला मिळतो असे धरले, तर वर्षाला पंचावन्न मिलिमीटर मुरले. म्हणजे नदीचे किंवा कालव्याचे पाणी नसताना एक एकर ऊस केवळ विहिरीवर जगवायचा असेल, तर अठरा एकरांवर मुरलेले पाणी त्याला लागते. पिकाला पाटाने दिलेल्या पाण्यातले काही परत मुरते, ते धरूनही हे गणित बसत नाही. बोअरने पाणी नवे येत नाही. वरच्या भांड्यात बसले नाही ते खालच्या भेगांतून, आणि शेजाऱ्याच्या भेगांतूनही, ओढले जाते.

म्हणून आपल्याला ऊस पूर्ण सोडा असे म्हणण्याचा अधिकार मला नाही, कारण हप्ते कसे फेडायचे हे आपल्याला ठाऊक आहे. पण ठिबकवर आणून क्षेत्र निम्मे करणे आणि उरलेल्यात ज्वारी, हरभरा किंवा तूर घेणे, याचा विचार जरूर करावा. कृष्णाकाठच्या नातेवाईकांना पाण्याची ददात नसते, हे खरे. त्यांच्या जमिनीत मात्र अतिपाण्याने मीठ फुटून ती चोपण होत चालली आहे. बेळगाव तालुक्यात कट्टणभावी परिसरात शिवाजी कागणीकर यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन पाणलोटाचे आणि झाडे लावण्याचे जे काम उभे केले, ते एकदा गावातल्या महिला मंडळाने जाऊन पाहावे, असे सुचवितो.

प्रश्न (जांबोटी भागातून) : म्हादईच्या वादात कर्नाटकाचे तज्ज्ञ एक सांगतात आणि गोव्याचे दुसरे. खरे कोणाचे?

उत्तर : लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४ टीएमसी आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. कर्नाटकाच्या वाट्यातले बरेचसे वीजनिर्मितीसाठी आहे आणि कळसा आणि भांडुरा या नाल्यांमधून मलप्रभेत वळवायचे पाणी ३.९ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. हे प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. नदीत किती पाणी आहे, हे विज्ञान सांगू शकते. ते कोणाला द्यावे, हे विज्ञान सांगत नाही. तज्ज्ञांची मते वेगळी निघतात त्याचे एक कारण असे, की घाटातल्या लहान ओढ्यांवर प्रवाहमापनाच्या दीर्घ नोंदी अपुऱ्या असतात आणि मग पावसावरून प्रवाहाचा अंदाज बांधावा लागतो. त्या अंदाजात जंगलाचे वागणे कसे धरले, यावर उत्तर बदलते. आपल्या भागातल्या ओढ्यांना मे महिन्यात किती पाणी असते, हे आपल्याइतके जवळून कोणी पाहत नाही. ते सालवार लिहून ठेवलेत, तर दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांना उपयोगी पडेल.

प्रश्न (एका मराठी प्राथमिक शाळेतील शिक्षकांकडून) : शाळेत पर्जन्यमापक बसवावा अशी इच्छा आहे. विकत घेण्याइतका निधी नाही. मुलांनी केलेल्या नोंदी शास्त्रीय धरल्या जातील का?

उत्तर : नीट केल्या तर नक्की धरल्या जातील. आपल्या भागात दोन अधिकृत मापकांच्या मध्ये कित्येक गावे मोजणीविना राहतात, तिथे अशा नोंदींना मोल आहे.

सरळ कडांचा, तळापासून तोंडापर्यंत एकसारख्या रुंदीचा पत्र्याचा डबा घ्या. त्याच्या तोंडाचा व्यास २० सेंटिमीटर असेल, तर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ३१.४ मिलिलिटर पाणी. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या मापाने मोजले, की दहा मिलिमीटरला ३१४ मिलिलिटर भरेल. मुलांना व्यासावरून क्षेत्रफळ काढायला लावा, गणिताचा एक तास त्यातच होईल. डब्याचे तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच आणि अगदी आडवे असावे. जवळच्या झाडापासून किंवा भिंतीपासून तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर ठेवा. वारा लागून डबा कलंडू नये म्हणून त्याला विटांचा आधार द्या, पण विटांवर पडलेले पाणी उडून आत येणार नाही असे पाहा.

मोजणी रोज सकाळी साडेआठलाच करावी, कारण हवामान खात्याचे मापन त्याच वेळी होते आणि वेळ जुळली तरच तुलना करता येते. रविवार आणि सुट्ट्यांसाठी शाळेशेजारी राहणाऱ्या दोन मुलांची पाळी लावा. एखाद्या दिवशी मोजणे राहून गेले, तर दुसऱ्या दिवशी दोन्ही दिवसांचे मिळून किती, असे स्पष्ट लिहा आणि अंदाजाने वाटणी करू नका. मृगापासून स्वातीपर्यंतची नक्षत्रे तारखेशेजारी लिहायला हरकत नाही, घरच्या मोठ्यांशी बोलताना मुलांना त्यांचा उपयोग होईल. आणि पाऊस पडला नाही त्या दिवशी रकाना रिकामा न सोडता त्यात शून्य लिहायला सांगा. रिकामा रकाना पाहून पुढे कोणाला कळत नाही, की त्या दिवशी पाऊस नव्हता की मोजायला कोणी गेले नव्हते.